गाडीचा बॉबकट

पावसाळ्यात कुडाळहून नेरूरमार्गे वालावलला आलेली मोटारसायकल मागून पाहिली की रस्ता कसा होता ते लगेच कळतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला बोटभर जाड लाल चिखल थापलेला असतो. नंबरप्लेटवर त्याच रंगाची रांगोळी असते आणि मागे बसलेल्याची पोटरीही थोडी रंगलेली असते. लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तलावाकाठी गाडी लावून कुणी चिखल खरवडायला बसला, तर पाण्याचा एवढा मारा त्या वाकड्या पत्र्याने एकट्याने झेलला हे त्याच्या लक्षात येतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे मडगार्ड ही शोभेची वस्तू नाही.

आणि नेमका तोच पत्रा कापून टाकायची हौस आता इथल्या तरुणांपर्यंत आली आहे. साधी क्रूझर घ्यायची, मागचं मडगार्ड आखूड करायचं, लांब सीट काढून एकट्यापुरती सीट बसवायची, हँडल सपाट करायचं, टायर जाड घालायचे. अशा गाडीला बॉबर म्हणतात. ती अंगणात उभी राहिली की घरातलं मोठं माणूस पहिला प्रश्न विचारतं, ‘‘गाडयेचा मडगार्ड खंय गेला रे?’’ प्रश्न अगदी योग्य आहे. बॉबर करू पाहणाऱ्या नवख्याने तो पाना हातात घेण्याआधीच स्वतःला विचारायला हवा.

शब्दापासून सुरुवात करू, कारण तो मराठी घरांत फार पूर्वीच येऊन बसला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलींचे केस मानेपर्यंत कापले की आपण त्याला बॉबकट म्हणतो. इंग्रजीत घोड्याचं शेपूट आखूड करण्यालाही ‘बॉब’ हाच शब्द आहे. मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डचं शेपूट कापलं, म्हणून ती बॉबर. अमेरिकेत 1930च्या दशकात या प्रकाराला ‘बॉब-जॉब’ म्हणत. त्या काळात तिथल्या ‘क्लास सी’ शर्यतींत कारखान्यातून आलेल्या साध्या गाड्या उतरवायची मुभा होती. शर्यतीत वजन कमी हवं, म्हणून लोक दिवे, पुढचं मडगार्ड, मागच्या मडगार्डचा तुकडा, असं जे जे निघेल ते काढून टाकत. पुढे दुसऱ्या महायुद्धाने या हौसेला माणसं आणि गाड्या दोन्ही पुरवल्या. हार्ले-डेव्हिडसनने सैन्यासाठी डब्ल्यूएलए नावाच्या सुमारे 90,000 मोटारसायकली बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेक स्वस्तात विकल्या गेल्या आणि परतलेल्या तरुणांनी त्या सोलून हलक्या केल्या.

म्हणजे बॉबरचा जन्म काढून टाकण्यातून झाला. इथेच चॉपरशी त्याची गल्लत होते. चॉपरमध्ये मूळ सांगाडाच कापून नव्याने जोडतात, पुढचा फोर्क हातभर लांब करतात. 1969च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातल्या गाड्या त्या जातीच्या. बॉबरमध्ये सांगाड्याला सहसा हात लावत नाहीत. नवख्यासाठी हाच प्रकार बरा म्हणायचा तो यामुळेच. काढलेली वस्तू परत लावता येते, पण कापलेला सांगाडा पूर्वीसारखा होत नाही.

मराठी मुलखात या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत मुंबईच्या अक्षय वर्दे यांचं नाव घ्यावं लागतं. विमान कंपनीतली नोकरी सोडून ते या उद्योगात उतरले आणि आपल्या कार्यशाळेचं नाव त्यांनी ‘वर्देंची’ ठेवलं. नाव ऐकून परदेशी वाटतं, पण ती आपली षष्ठी विभक्ती आहे: कुणाची गाडी, तर वर्देंची. रॉयल एनफिल्डची इंजिनं घेऊन त्यांनी घडवलेल्या गाड्यांमुळे मोटारसायकल ‘बांधणारा’ हा इथेही एक व्यवसाय असू शकतो, हे लोकांना दिसलं.

नंतर कंपन्याच या वाटेला आल्या. जावाने 15 नोव्हेंबर 2018 रोजी मुंबईत आपलं पुनरागमन जाहीर केलं, तेव्हा दोन साध्या गाड्यांबरोबर ‘पेराक’ नावाची 334 सीसीची, एकट्याच्या सीटची बॉबर दाखवली. हे नाव 1946 सालच्या जुन्या जावा पेराकवरून घेतलेलं. पुढे 2022मध्ये ‘42 बॉबर’ आली. नोव्हेंबर 2024मध्ये तर ही गोष्ट वालावलपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर येऊन ठेपली. गोव्यात वागातोरला भरलेल्या मोटोव्हर्स मेळाव्यात रॉयल एनफिल्डने ‘गोअन क्लासिक 350’ विक्रीला आणली, तेव्हा किंमत एक्स-शोरूम 2 लाख 35 हजारांपासून पुढे. पांढऱ्या पट्ट्याचे टायर, उंच हँडल, खाली बसलेली सीट असं तिचं रूप. साठ-सत्तरच्या दशकांत गोव्यात आलेल्या भटक्यांनी आपापल्या गाड्या सोलून-सजवून जी शैली तयार केली, तिला हा नमस्कार आहे, असं कंपनीचं म्हणणं.

कारखान्यातून आलेली बॉबर नुसती पाहणं हासुद्धा नवख्यासाठी चांगला धडा आहे. पेराकचा मागचा शॉकअप सीटखाली लपवलेला आहे, त्यामुळे लांबून पाहिलं तर मागचं चाक सांगाड्यालाच घट्ट जोडल्यासारखं वाटतं. जुन्या बॉबर खरोखरच तशा होत्या. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांना मागे शॉकअप नव्हतेच आणि धक्का सोसायला सीटखाली दोन मोठ्या स्प्रिंगा दिलेल्या असत. आज ज्या स्प्रिंगा नुसत्या छान दिसतात म्हणून लावल्या जातात, त्यांच्यावर तेव्हा माणसाची कंबर अवलंबून होती. गोअन क्लासिकची मागची सीट काढता आणि लावता येते, हीही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. एवढा मोठा कारखानासुद्धा परतीचा मार्ग ठेवतो.

आता घरच्या गाडीकडे वळू. आपल्याकडे या कामासाठी सर्वांत सहज मिळणारी गाडी म्हणजे बजाज अ‍ॅव्हेंजर. 2001 साली बजाजने कावासाकीच्या नावासह एलिमिनेटर आणली, 2005मध्ये तिचीच वारसदार म्हणून 180 सीसीची अ‍ॅव्हेंजर आली, मग 200 आणि 220. पुण्याच्या या कंपनीच्या गाडीचे सुटे भाग कुडाळात काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि तिचं इंजिन न उघडलेला मेकॅनिक सापडणं अवघड. तिची बांधणीही सोयीची आहे. सीटची उंची जेमतेम 737 मिलिमीटर, पुढे 17 इंची आणि मागे 15 इंची चाक, मागे बाहेरून दिसणारे दोन शॉकअप. म्हणजे मूळची गाडीच निम्मी बॉबर आहे. दुसरा पर्याय एनफिल्डच्या जुन्या थंडरबर्डचा. जी कुठली घ्याल तिची कागदपत्रं स्वच्छ असावीत. आरसीवरचा आणि गाडीवरचा इंजिन क्रमांक, चासी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. गंजलेला सांगाडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण रंगाखालचा गंज खाडीकाठच्या हवेत थांबत नाही.

पहिल्या दिवशी ग्राइंडर घराबाहेरच ठेवावा. गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढावेत. मग विंडशील्ड, लेग गार्ड, मागचा पाठटेकू, बॅगांच्या पट्ट्या, मागची सीट असं नट-बोल्टवर बसलेलं सगळं एकेक करून उतरवावं. प्रत्येक भागाचे नट, बोल्ट आणि वॉशर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकावेत आणि झाकणावर नाव लिहावं. सोडलेल्या प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा झेंडा लावावा. एवढं करून दहा पावलं मागे जावं आणि एका बाजूने गाडी पाहावी. बहुतेकांना इथेच कळतं की आपल्याला हवं होतं त्यातलं निम्मं रूप नुसत्या पान्याने मिळालं.

बाजूने पाहताना एक रेघ शोधायची असते. पेट्रोलच्या टाकीची खालची कड मागे सरळ वाढवली तर ती मागच्या एक्सलच्या दिशेने उतरत जावी, आणि सीट त्या उताराच्या पोटात बसावी. जुन्या बॉबर डोळ्याला भरतात त्या या रेघेमुळे. टाकीचं मागचं टोक वॉशर घालून सेंटिमीटरभर उचललं तरी चित्र पालटतं. मात्र टाकी उचलल्यावर तळाशी उरणारं पेट्रोल नळापर्यंत पोचतं की नाही, हे पाहून घ्यावं.

आता मडगार्ड. सगळं कौशल्य इथेच पणाला लागतं आणि चुकाही इथेच होतात.

टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकी बॉबर देखणी, म्हणून नवखा माणूस स्टँडवर उभ्या गाडीला बोटभर फट ठेवून पत्रा बसवतो. पहिल्याच गतिरोधकावर चाक वर येतं आणि टायर पत्र्याला घासतो. हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. मडगार्ड मूळ जागी, सांगाड्यावर ठेवायचं असेल तर शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक जितकं वर येईल तितकी जागा सोडून वर आणखी दोन बोटं ठेवावी लागतात. त्यासाठी गाडी सांगाड्याखाली भक्कम टेकू देऊन उभी करतात, दोन्ही शॉकअप काढतात आणि चाक हाताने हळूहळू उचलून मापं घेतात. दुसरा मार्ग म्हणजे मडगार्ड चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर बसवणं. मग चाकाबरोबर मडगार्डही वरखाली होतं आणि फट कमी ठेवता येते. कारखान्याच्या काही बॉबरमध्ये हाच विचार दिसतो. पण तेव्हा त्या पत्र्याला रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट बसतो. त्याचे ब्रॅकेट पातळ पट्टीचे केले तर काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेला तडा जातो, आणि सुटलेलं मडगार्ड चाकात अडकलं तर मागचं चाक जागीच जाम होतं. हे ब्रॅकेट अनुभवी फॅब्रिकेटरकडून जाड पट्टीचेच करून घ्यावेत. मूळ मडगार्ड कापण्याऐवजी दुसरं, भंगारातलं मडगार्ड आणून त्यावर हात चालवावा, हेही इथेच सांगून ठेवायला हवं.

कापायचं किती? याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या कोरड्या रस्त्यावर वेगळं आणि वालावलच्या उतारावर वेगळं. पुठ्ठ्याचं मडगार्ड कापून टायरवर बसवून पाहिलं की अंदाज येतो. पत्र्याचं टोक एक्सलच्या जितकं वर जाईल तितका चिखल उंच उडतो, पाठीवर येतो, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावरही. नुसत्या टिकल्याएवढं मडगार्ड इथल्या जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात नको होतं. कोकणातल्या बॉबरचं शेपूट थोडं लांबच असावं, आणि तसं असूनही ती सुंदर दिसू शकते. मोटारसायकलने आपल्या मुलखाच्या पावसाला मान दिला म्हणून ती कमअस्सल होत नाही.

सीटचं काम त्या मानाने सोपं आणि आनंदाचं. दोन-अडीच मिलिमीटर पत्र्याची बैठक, पुढच्या टोकाला बिजागरी, मागे दोन स्प्रिंगा, वर फोम आणि रेक्झिन. बिजागरी सांगाड्याला वेल्ड न करता क्लॅम्पने आवळावी. कुठेही वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि इंधन-इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, जोडही काढावा. नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह त्या महागड्या डबीचं भजं करतो. आकाराला फसून चार बोटं रुंदीची कडक सीट केली तर मालवणपर्यंत जाऊन येतानाच चूक समजते.

हँडल बदलण्यात खरा प्रश्न केबलींचा आहे. सपाट हँडल खाली आणि पुढे येतं, त्यामुळे जुन्या केबली लांब पडून विचित्र वाकतात. उंच हँडल घेतलं तर त्या ताणल्या जातात. बसवून झाल्यावर इंजिन सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावं. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे असं समजावं. अशी गाडी रस्त्यावर वळणात आपोआप पळते. ब्रेकच्या नळीलाही हीच कसोटी लावावी.

टायर जाड हवेत, पण ते ठरवतं रिम. रिमला पेलणाऱ्या मापापेक्षा रुंद टायर चढवला तर त्याचा माथा गोल होऊन बसतो, वळणावर गाडी अडखळते आणि चेन त्याला घासते. व्यास बदलला तर काही गाड्यांचा स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवू लागतो. शॉकअप आखूड करून गाडी खाली बसवण्याचा मोह मात्र नवख्याने टाळावा. आपल्या गावांतले गतिरोधक पाहता सायलेन्सर आधी जमिनीला टेकेल, आणि वळणात गाडी कलली की फूटरेस्ट.

छोट्या एलईडी इंडिकेटरांनी एक हमखास गंमत होते. ते लावले की वेड्यासारखे भराभर लुकलुकतात. वायरिंग बिघडलं असं वाटून लोक ते उकलत बसतात. खरं कारण साधं आहे. एलईडी फार कमी वीज घेतो, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला एखादा दिवा गेल्यासारखं वाटतं. एलईडीसाठीचा फ्लॅशर रिले बसवला की काम झालं. सायलेन्सर मात्र कापू नये. बीएस-6 गाडीत त्यातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि पाइपात ऑक्सिजन सेन्सर. ते काढलं की इंधनाचं गणित बिघडतं. आणि देवळाच्या शांत तलावाकाठी तो फुटका आवाज कुणाला हवा असतो?

रंगाच्या बाबतीत परदेशी फोटोंवर अजिबात विश्वास ठेवू नये. त्यांत दिसणारा उघडा, घासलेला, वर नुसतं पारदर्शक वॉर्निश मारलेला पत्रा खारट दमट हवेत एक पावसाळा काढत नाही. सायलेन्सरला गुंडाळलेली कापडी पट्टीही इथे घातकच, कारण ती ओलावा धरून ठेवते आणि पट्टीखालचा पाइप सडतो. निवतीचा किंवा मालवणचा होडीवाला लोखंडाला खारं वारं काय करतं ते जाणतो. घराच्या खिडकीच्या गजांना आपण मारतो तो रेड ऑक्साइड मडगार्डच्या आतल्या बाजूला आधी लागला पाहिजे, मग रंगाचे थर. सांगाड्याला पावडर कोटिंग जमलं तर उत्तम. स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये आवळताना अँटी-सीझ ग्रीस लावावं, नाहीतर दोन वर्षांनी ते बोल्ट निघत नाहीत, तुटतात. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली पुरते.

कायद्याचा भाग शेवटी येतो तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. तो समजायला आधी कामाचं स्वरूप कळावं लागतं. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आणलं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. केंद्रीय नियमांतला 123वा नियम तर थेट आपल्या विषयावर बोलतो. मागे बसणाऱ्यासाठी पकड हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवेत आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षक हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. बॉबर करणारा पहिल्यांदा तेच काढून फेकतो.

त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या गाडीत काय करता येतं, याची हद्द आखूनच सुरुवात करावी. एमएच-07, म्हणजे सिंधुदुर्गच्या पाटीची गाडी असेल तर ओरोसच्या परिवहन कार्यालयात जाऊन आधी विचारावं, आणि रंग बदलला तर तो आरसीवर नोंदवून घ्यावा. नंबरप्लेट उच्च सुरक्षा पट्टीची, मागून सरळ वाचता येईल अशीच असावी. विमा कंपनीलाही बदल कळवावेत, कारण न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो. एकट्याची सीट बसवलेली गाडी आणि आरसीवर दोघांची नोंद, हा पेच तर आहेच. काढता-लावता येणारी मागची सीट आणि जागच्या जागी राहिलेलं साडी गार्ड इथे शहाणपणाचं ठरतं. ज्यांना हा सगळा खटाटोप नको आणि बॉबर तर हवी, त्यांच्यासाठी कारखान्याच्या तयार, मान्यता असलेल्या गाड्या आहेत.

काम झाल्यावर पहिली फेरी गावातल्या गावात, कमी वेगाने मारावी. परत येऊन प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावावा, कारण नवे बोल्ट हादऱ्याने बसतात आणि सैल होतात. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तेच. मडगार्डच्या आत टायर घासल्याची चमकदार रेघ दिसते का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावं. दुसरी फेरी मुद्दाम पावसात काढावी, आणि घरी आल्यावर शर्टाची पाठ पाहावी.

उतरवलेलं मूळ मडगार्ड, लांब सीट आणि हँडल मात्र भंगारवाल्याला देऊ नयेत. त्यांना तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर, सरपणाच्या ओलीपासून दूर ठेवावं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यायची. 2010-11 सालच्या 220 सीसी अ‍ॅव्हेंजरांची पाळी आता आलेली आहे. तपासणीच्या आदल्या रविवारी श्रीखंडाचे ते डबे माळ्यावरून खाली येतात, झाकणावरची नावं वाचली जातात, आणि तासाभरात मडगार्ड पुन्हा जागेवर असतं.